यारकंदच्या वाटेवरचे फिंच

लेहहून काराकोरमची खिंड ओलांडून यारकंदला जाणारी वाट मुळात व्यापाऱ्यांची. तिकडून चरस, रेशीम आणि नमदे येत, इकडून कापड व मसाले जात, आणि मधल्या ओसाड मुलखात मरून पडलेल्या तट्टांच्या हाडांवरून पुढच्या काफिल्याला दिशा कळे. त्या वृक्षहीन उंचीवर थव्याने उतरून बी टिपणारे ल्यूकोस्टिक्टे प्रजातीचे फिंच या सार्थवाहांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले असतील. परंतु त्यांची शास्त्रीय नोंद होण्यास सरकारी मोहिमा निघाव्या लागल्या, आणि त्या मोहिमांना चिंता पाखरांची नव्हे, सरहद्दीची व जकातीची होती.

१८७३ साली यारकंदवर राज्य करणाऱ्या याकूब बेगाशी व्यापारी तह करण्यासाठी ब्रिटिश अधिकारी फोर्सिथ यांचे शिष्टमंडळ निघाले, तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का त्यात होते. वाटेत अखंड पक्षी जमविणारा हा विद्वान परतताना, जून १८७४ मध्ये, मुर्गो येथे निवर्तला. तो तह याकूब बेगाच्या राज्याबरोबर लवकरच निरर्थक झाला. स्टोलिच्कांचे पक्षी मात्र अभ्यासकांच्या कामी आले. मुत्सद्द्यांच्या श्रमांपेक्षा ते अधिक टिकले, असेच म्हटले पाहिजे.

पुढे १९२९ मध्ये व्हिसर यांच्या डच मोहिमेतील जेरोम सिलेम यांनी अक्साई चीनच्या पठारावर, पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर, एक प्रौढ नर व एक पिल्लू मिळविले, आणि ही जोडी ब्रांटचे फिंच म्हणून अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात दाखल झाली. वास्तविक ब्रांटच्या फिंचचे कपाळ काळपट असते. या नराचे डोके दालचिनीच्या रंगाचे आणि पाठ रेघांविना राखी. भेद डोळ्यांपुढे होता, पण पायाला बांधलेली चिठ्ठी एकदा दप्तरी लागली की तिच्याविरुद्ध दाद मागणारा विरळाच! पक्षिशास्त्रज्ञ रोसेलार यांनी ती मागितली ती १९९२ साली, म्हणजे त्रेसष्ट वर्षांनी, आणि ल्यूकोस्टिक्टे प्रजातीतच सिलेम यांच्या नावाची नवी जाती प्रसिद्ध केली.

दरम्यान यारकंदचा व्यापार १९४९ च्या सुमारास थांबला आणि ती वाट लष्कराच्या ताब्यात गेली. सिलेम यांचा हा पक्षी जिवंत पुन्हा दिसला तो २०१२ मध्ये, अक्साई चीनपासून सुमारे दीड हजार किलोमीटर पूर्वेस, चिंगहाई प्रांतात. पक्षीनिरीक्षक यान मुझिका यांनी त्याची छायाचित्रे घेतली. पुढील जनुकीय तपासणीत तो ल्यूकोस्टिक्टे प्रजातीचा नाहीच, असे निष्पन्न झाले. त्याची गणना आता कार्पोडॅकस या गुलाबी फिंचांच्या प्रजातीत होते.