दगडाचा पोत आणि एक चुकलेला अनुस्वार

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, म्हणून परवा ताईचा फोन आला, "लेखणी गंजली का गं?" गंजली नाही. नातीबरोबर नाणेघाटात जाऊन आले, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. ती कबूल करावी की नाही, एवढंच ठरत नव्हतं.

नातीला सध्या फोटोंचं वेड आहे. माणसं नकोत, सूर्यास्त नको. झाडाची साल, वाळलेलं शेवाळ, दगड. "आजी, तू साडीचा पोत बोटांनी बघतेस ना, तसं मी कॅमेऱ्यानं बघते," म्हणाली. जुन्नरहून घाटघरच्या बाजूनं वर गेलो, म्हणून माझ्या गुडघ्यांनी साथ दिली. एका बाजूला जीवधन, समोर खाली कोकण. पोरगी मात्र जमिनीला नाक लावून! कातळावर करडे-हिरवट गोल दिसले. म्हटलं, हे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. पुढे काळा कातळ भोकाभोकांचा होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे तसेच राहिले आणि लाव्हा थिजल्यावर त्यांची भोकं उरली. ही भोकं जरा लक्षात ठेवा.

मग घळीतून थोडं उतरून लेण्यात गेलो. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरकडे येणारा माल याच घाटानं चढायचा. लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता ते नाहीत, वर कोरलेली नावं तेवढी आहेत. डाव्या-उजव्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानतात. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळं आकड्यांनिशी लिहिलेलं. त्या अंकांत शून्य नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगळी चिन्हं आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७०च्या दशकात या अंकांचा अभ्यास केला.

आता कबुली. १९८६ साली सातवीची सहल घेऊन मी इथे आले होते. उसना कॅमेरा, रोल संपत आलेला, अक्षरं तर फोटोत दिसेनात. मी पिशवीतून खडू काढले, पाण्यात भिजवले आणि मुलांना म्हटलं, "भरा अक्षरं." एका मुलानं विचारलं, "बाई, हा टिंब पण भरू?" मी पुस्तकातला लेख ताडूनसुद्धा पाहिला नाही. म्हटलं, "भर, अनुस्वार असेल." तो फोटो शाळेच्या वार्षिकात छापून आला आणि माझं कौतुकही झालं.

या वेळी नातीनं काहीच केलं नाही. लेण्याच्या तोंडातून येणारा उजेड बाजूच्या भिंतींवर तिरपा पडतो, तो नीट पडेपर्यंत ती बसून राहिली. तिरप्या उजेडात खोदलेल्या रेघेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि अक्षर आपोआप उठून दिसतं. घरी येऊन तिचा फोटो मोठा करून पाहिला. छिन्नीची खाच सरळ, कडा धारदार. माझा तो "अनुस्वार" मात्र वाटोळा, आत खोल गेलेला, आणि शेजारी तसलेच आणखी तीन. बुडबुडा! साडेसहा कोटी वर्षांचं भोक मी राणीच्या नावावर मांडलं होतं.

खडूनं दगड झिजतो, हे वाईटच. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. खडू भरला की दगडात काय आहे ते दिसत नाही, भरणाऱ्याला काय वाटलं ते दिसतं. आणि पुढचा बघणारा तेच खरं धरतो. मी तीस वर्षं इतिहास शिकवला. किती ठिकाणी असे खडू भरले असतील, कोण जाणे.

असो. जुन्या अल्बममधला तो फोटो काढून मागे पेन्सिलीनं दुरुस्ती लिहून ठेवली आहे. त्या सहलीतलं कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, आता तुम्हीही पन्नाशीचे झाला असाल. वार्षिक सापडलं तर तेवढा टिंब खोडा. बाई चुकल्या होत्या.