निश्चल देहातील झटका

१९४९ साली बडोद्यास वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा मनोरुग्णांवरील विद्युत्-उपचार अवघा अकरा वर्षांचा होता. १९३८ मध्ये रोम येथे चेर्लेत्ती व बिनी यांनी तो प्रथम योजिला. विजेने आणलेला झटका हेच त्यातील औषध. परंतु त्या आचक्यांनी कित्येकांचे मणके मोडत. १९५० नंतर भूल आणि स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलीन आले. हाडे वाचली, पण नवा पेच उभा राहिला. रुग्ण निश्चल पडलेला. मग मेंदूत झटका आला की नाही, हे ओळखावे कसे? न आला तर उपचार वाया, फार लांबला तर अपाय!

उपाय साधाच निघाला. शिथिलक टोचण्यापूर्वी एका हातावर वा पायावर रक्तदाबाचा पट्टा घट्ट आवळावयाचा. औषध त्याखाली पोहोचत नाही आणि तेवढाच अवयव थरथरतो. डॉक्टर घड्याळावर सेकंद मोजतात. स्नायू थांबले, तरी मेंदूतील झटका चालू असू शकतो. म्हणून मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेखही घेतात.

२०१७ च्या कायद्याने भूल व शिथिलकाविना हा उपचार करण्यास देशभर मनाई झाली. बडोद्याच्या कारेलीबागेतील मनोरुग्णालयासही तोच दंडक आहे. देह शांत झाल्यावर पाहणाऱ्याची जबाबदारी वाढली, हाच या इतिहासाचा बोध होय.