आत येऊ का, सर?



गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या धाकट्या मेहुणीचे आगमन झाले. वय वर्षे अडुसष्ट. पहिल्याच दिवशी तिने मला वेगळा निरोप पाठवला, "भावोजी, इथे बोलायचं कसं असतं हो? काही चुकलं तर हसतील का सगळे?"

तिला चार नियम लिहून पाठवता आले असते. पण जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस मी. नियम कोणी केला, कधी केला आणि करायची वेळ का आली, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिवाय या विषयात माझ्या नावावर एक जुनी चूक जमा आहे. तीही आज सांगून टाकतो.

लोकांना वाटते चॅटरूम म्हणजे इंटरनेटनंतरची गोष्ट. तसे नाही. 1973 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकप्रणाली होती. ती बांधली होती शिकवण्यासाठी (आम्हा मास्तर लोकांना तेवढाच अभिमान!). तिच्यावर डग ब्राऊन यांनी 'टॉकोमॅटिक' हा गप्पांचा कार्यक्रम लिहिला. पडद्याचे आडवे भाग पाडलेले, प्रत्येक माणसाला एक भाग. एका वेळी पाच जण बोलू शकत. तुम्ही जे टंकाल ते अक्षर न अक्षर त्याच क्षणी इतरांना दिसे, म्हणजे खोडलेलेसुद्धा! बाकीचे दारात उभे राहून ऐकल्यासारखे वाचू शकत, आणि आतल्यांना नको असेल तर दार लावूनही घेता येई. म्हणजे पहिल्याच चॅटरूममध्ये दार होते, उंबरठा होता. 'आत येऊ का?' हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे म्हणा ना.

पुढे 1980 मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने 'सीबी सिम्युलेटर' सुरू केला. तिकडचे ट्रकवाले ज्या सीबी रेडिओवर गप्पा मारत, त्याची ही नक्कल. तसेच चॅनेल, तशीच टोपणनावे. टोपणनाव आले आणि समोरचा कोण, केवढा, कुठला हे कळायची सोय गेली. मग ऑगस्ट 1988 मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी 'आयआरसी' तयार केले. त्यात प्रत्येक चॅनेलला एक रखवालदार असे. गोंधळ घालणाऱ्याला तो बाहेर काढू शके, आणि या क्रियेचे नावच मुळी 'किक' होते. वर्गाबाहेर उभे करण्याची शिक्षा तिथेही होती तर!

आता शिष्टाचाराची गरज का पडावी? समोरासमोर बोलताना आपण निम्मे काम चेहऱ्याकडून करून घेतो. 'काय शहाणा आहेस!' हे वाक्य आजी नातवाला म्हणते तेव्हा त्यात माया असते, आणि साहेब कारकुनाला म्हणतो तेव्हा नसते. अक्षरे मात्र तीच. 1982 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात नेमके हेच झाले. लिफ्टमध्ये पारा सांडल्याची कोणीतरी थट्टा केली आणि काहींना ती खरीच वाटली. त्यावर चर्चा होऊन 19 सप्टेंबर 1982 रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवले की थट्टेच्या वाक्यापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस काढत जा, आडवे धरले की हसरा चेहरा दिसतो. आज आपण ज्या पिवळ्या चेहऱ्यांची खैरात करतो त्यांचा हा पूर्वज. गंमत म्हणून नव्हे, गैरसमज टळावा म्हणून जन्मलेला.

आमच्या शाळेत जसा जून, तसा तिकडे सप्टेंबर. दर सप्टेंबरला अमेरिकन कॉलेजांत नवी मुले येत आणि त्यांना 'यूझनेट' या चर्चेच्या जाळ्यावर खाते मिळे. ती मुले नको तिथे नको ते बोलत, जुनी मंडळी त्यांना समजावत (कधी रागावत), आणि महिना-दोन महिन्यांत सगळे सुरळीत होई. पण 1993-94 च्या सुमारास 'अमेरिका ऑनलाइन'ने आपल्या ग्राहकांना हे दार उघडून दिले. मग नव्या माणसांचा ओघ थांबेचना. वैतागलेल्या जुन्या मंडळींनी सप्टेंबर 1993 ला नाव दिले 'न संपणारा सप्टेंबर'. मला हे नाव वाचून हसू आले आणि जरा वाईटही वाटले. ज्या शिक्षकाला जून नकोसा होतो, त्याने खडू खाली ठेवावा.

पण कोणीतरी खडू उचलला. ऑक्टोबर 1995 मध्ये इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी एका कार्यगटातर्फे 'नेटिकेट'चे नियम लिहून काढले. दस्तऐवज क्रमांक 1855. आपल्याकडे विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्यानंतर दोनच महिन्यांनी! आपल्यापैकी कोणी तेव्हा वाचले असतील असे वाटत नाही. त्याच्या सुरुवातीलाच म्हटले आहे की पूर्वीचे लोक या जाळ्याबरोबरच वाढले, आता येणाऱ्यांना इथली रीत ठाऊक नाही, म्हणून हे लिहितो आहोत. दोष देण्याचा सूर नाही.

आणि नियम तरी काय? आधी थोडे ऐका, मंडळींची रीत समजून घ्या, मग बोला. खोलीत आल्यावर प्रत्येकाला वेगळा नमस्कार नको, सगळ्यांना मिळून एक पुरे. ढीगभर मजकूर पाठवायचा असेल तर आधी विचारा. (रोज सकाळी फुलांची चित्रे पाठवणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे. मी नावे घेत नाही!) अनोळखी माणसाने उत्तर दिले नाही तर रागावू नका, तो कामात असेल किंवा त्याला बोलायचे नसेल. दोघेच बोलत असाल तर निघताना निरोप घ्या आणि समोरच्याचा निरोप येईपर्यंत थांबा. हे सगळे आमच्या आजीने न लिहिता सांगितले होते.

एक नियम मात्र आपल्या अंगवळणी पडायला कठीण. कोणाला त्याचे वय, स्त्री की पुरुष, राहणार कुठले, असे खोदून विचारू नये. आपण एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत गाव आणि आडनाव विचारतो. आपल्याला ती आपुलकी वाटते. पण आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा जात विचारलेली असते, हे आपणही मनातून जाणतो. टोपणनावाच्या आडोशाला काही लोकांना पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला असेल. त्यांना बाहेर ओढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता माझी चूक. साल 2004. निवृत्तीला चार वर्षे होती. मुलाच्या संगणकावर मी एका मराठी चॅटरूममध्ये जाऊ लागलो होतो. तेव्हा तिथे सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. मला लहान अक्षरे नीट दिसत नसत, म्हणून मी सगळे मोठ्या लिपीत टंकायचो. एका रात्री आखातात नोकरीला असलेला एक मुलगा आपल्या आईच्या आजारपणाबद्दल सांगत होता. त्याने लिहिले, 'मी आईला बोल्लो, ऑपरेशनच्या आधी येतो.' माझ्यातला मास्तर जागा झाला. मी टंकले, 'बोल्लो नव्हे, म्हणालो.' तेही मोठ्या अक्षरांत. दोघा-तिघांनी हसरे चेहरे टाकले. मुलाने लिहिले, 'सॉरी सर', आणि तो निघून गेला. मी शिक्षक आहे हे तिथे कोणालाही सांगितलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलाने सांगितले, "बाबा, सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं की त्याचा अर्थ ओरडणं असा होतो." म्हणजे मी त्या मुलावर भरल्या खोलीत ओरडलो होतो. त्यानंतर आठवडाभर मी रोज रात्री त्या खोलीत जाऊन बसलो. तो आला नाही.

पुष्कळ वर्षांनी हा इतिहास वाचताना कळले की यूझनेटवर 1980 च्या दशकातच चक वॉन रोस्पॅक यांनी नवख्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली होती. दुसऱ्याच्या स्पेलिंगच्या चुका चारचौघांत काढू नका, असे तिच्यात स्वच्छ सांगितले होते. इंग्रजी ही अनेकांची दुसरी भाषा असते, काहींना वाचनाचीच अडचण असते, असे कारणही दिले होते. नियम माझ्या चुकीच्या कितीतरी आधी लिहिलेला होता. मी मात्र आधी ऐकायचे सोडून आधी तपासायला बसलो होतो. आणि खरे सांगू? 'बोल्लो' ही काही चूकच नव्हती. तो त्याच्या घरात जसा बोलत असेल तसा लिहीत होता.

असो. मेहुणीला मी एवढेच कळवले: दोन दिवस नुसते वाच, मग सगळ्यांना मिळून एक नमस्कार कर आणि मनात येईल ते लिही. शुद्धलेखनाची काळजी नको. हसणाऱ्यांशी मी बोलेन... म्हणजे, म्हणेन!

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याच्या आईचे ऑपरेशन कसे झाले, हे त्या रात्री विचारायचे होते. ते राहूनच गेले.