न्यायमूर्ती पेरी आणि लेकींचा वाटा

ताथवड्यात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि घरोघरी एक नवा शब्द रुळला : हक्कसोडपत्र. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई एकदा शाळेत आली. भावांनी सहीसाठी बोलावले होते. ती म्हणाली, "बाजी, सही नाही केली तर माहेर तुटतं." शरियतने तिला भावाच्या निम्मा वाटा दिला आहे, हे तिला माहीत होते. भावांनाही माहीत होते. त्या दिवसापासून मला सर अर्स्किन पेरी वारंवार आठवतात.

थॉमस अर्स्किन पेरी यांचा जन्म १८०६ चा. वडील जेम्स पेरी हे लंडनच्या 'मॉर्निंग क्रॉनिकल' या पत्राचे संपादक. केंब्रिजची पदवी घेऊन पेरी बॅरिस्टर झाले. पुढे बँक बुडाली, त्यात त्यांची मालमत्ता गेली आणि १८४१ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून ते आले. १८४७ मध्ये सरन्यायाधीश झाले आणि १८५२ पर्यंत त्या पदावर राहिले.

१८४७ मध्येच त्यांच्यापुढे खोजा आणि कच्छी मेमन कुटुंबांचे दावे आले. बापाच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे आपला वाटा मिळावा, अशी लेकींची मागणी होती. समोरच्या पक्षाचे म्हणणे असे, की आमच्या जमातीत मुलींना वाटा देण्याची रीत नाही. या दोन्ही जमाती मूळच्या हिंदू. धर्म बदलला, पण वारसाची जुनी रीत तशीच राहिली. पेरींनी रूढीचा पुरावा ऐकला आणि रूढीच्या बाजूने निकाल दिला. लेकी हरल्या.

आपण या निकालाचा दोष इंग्रजाच्या माथी मारून मोकळे होतो. पण ती रूढी इंग्रजाने आणली नव्हती. कोर्टात तिची साक्ष आपल्याच माणसांनी दिली. नमाज-रोज्यात शरियत पाळणारा समाज लेकीच्या वाट्याच्या वेळी रिवाजाकडे वळला, ही गोष्ट न्यायाधीशाच्या इंग्रजीहून अधिक बोचते.

पेरींची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८४३ पासून ते मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, हा त्यांचा आग्रह. कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मकबा हे तिन्ही हिंदी सभासद जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघांचे म्हणणे एकच, की मुलाला त्याच्या भाषेत शिकवा. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हा वाद जुना वाटत नाही. मात्र याच पेरींनी तरुण दादाभाई नौरोजींना कायदा शिकायला विलायतेस पाठवण्याचा निम्मा खर्च स्वतः देऊ केला होता. ते मुंबई सोडून निघाले तेव्हा लोकांनी निधी जमवला आणि त्यातून त्यांच्या नावे कायद्याचे अध्यापकपद निघाले.

पुढची गोष्ट मला सर्वांत चटका लावते. विलायतेत पेरी खासदार झाले. तिथे लग्न होताच बाईची मालमत्ता नवऱ्याची होत असे. त्याविरुद्ध हजारो स्त्रियांनी १८५६ मध्ये अर्ज केले. कॉमन्स सभेत त्यांची बाजू घेणाऱ्यांत पेरी होते. १८५७ मध्ये त्यांनी स्वतः विधेयक मांडले, पण ते मंजूर झाले नाही. एप्रिल १८८२ मध्ये पेरी वारले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथला मोठा कायदा झाला.

गंमत पाहा, इंग्रज बाई जो हक्क मागत होती, तो मुसलमान बाईला शरियतने कितीतरी शतके आधीच दिला होता. कागदावर ती पुढे होती, घरात मात्र मागेच राहिली.

इथे १९३७ च्या शरियत कायद्याने रूढीचा अंमल संपवला, १९३८ मध्ये कच्छी मेमनांनाही शरियत लागू झाली. पण १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळली होती. जिथे खरी दौलत, तिथेच फट ठेवली.

त्या आईने शेवटी सही केली. कुठल्या न्यायाधीशाने तिला सांगितले नव्हते. आज पेरी नाहीत, त्यांचे कोर्टही नाही. रूढीच्या बाजूने साक्ष देणारे मात्र आपल्या घराघरांत अजून बसलेले आहेत.