पदवी दारी आली, ग्रंथालय कोठे आहे?



शाळा सुटलेल्या श्रमिकाने पुन्हा शिकावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे पोस्टाने पाठ पाठविण्याची पद्धत आली. दिल्ली विद्यापीठाने ती १९६२ मध्ये सुरू केली, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये; आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. कामधंदा नि संसार सांभाळून पदवी घेता येऊ लागली. ही सोय लहान नव्हे.

परंतु या वाटचालीत एक गोष्ट मागे राहिली. पाठ घरी गेले. ग्रंथालय जागच्या जागी राहिले. नेमलेले पुस्तक वाचून परीक्षा देता येते. पण त्या पुस्तकाशी वाद घालणारे दुसरे पुस्तक हाती आल्याखेरीज विद्यार्थ्याचे स्वतःचे मत बनत नाही. दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज ठरावावर हात वर करू नये, हे आम्ही कामगारांच्या सभेत शिकलो. विद्येलाही तोच नियम लागू आहे.

आपल्या तेलगावच्या भोवती पाहा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, त्या गाळप संपल्यावर परततात. त्यांतल्या एखाद्या तरुणाने मुक्त विद्यापीठात नाव घातले, तर त्याचे अभ्यासकेंद्र इकडे आणि फड तिकडे! मोबाइलवर ग्रंथ मिळतात हे खरे. पण ते शोधावे कसे, त्यांतले विश्वासार्ह कोणते, हे समजावून सांगणारा ग्रंथपाल कोपीत कोठून यावा?

यावरची तोड जुनीच आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. त्या संस्थानात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात, आणि वाचून झाल्यावर परत येत. वाचकाला येणे जमत नसेल तर ग्रंथांनी त्याच्याकडे जावे, असा तो साधा हिशेब होता.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि शासनमान्य ग्रंथालये आज खेड्यांतही आहेत. त्यांची आणि मुक्त विद्यापीठाची सांगड घातली पाहिजे. गावच्या ग्रंथालयात दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी एक कपाट असावे. टोळीबरोबर एक पेटी जावी. ग्रंथसूची कशी पाहावी, संदर्भ कसा काढावा, हे ग्रंथपालाने गाळपापूर्वी चार दिवस बसवून शिकवावे. मजुरीच्या दराइतक्याच निकराने ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.