बारा फोटोंचा रोल आणि आपला इतिहास

छायाचित्र हे आपल्या इतिहासाचे साधन आहे, असे आपण तोंडाने म्हणतो. पण ते साधन म्हणून वापरत नाही. आत्मकथनांवर आपण परिसंवाद घेतले, जलशांची गाणी गोळा केली. मात्र वस्तीतल्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली दडलेले काळे-पांढरे फोटो अजून घरगुती आठवणीच समजले जातात. दहिसरमध्ये एका भंगारवाल्याकडे मला आगफा क्लिक-३ हा जुना कॅमेरा मिळाला. तो दुरुस्त करून वापरताना या फोटोंकडे नव्याने पाहावे लागले, म्हणून हे टिपण.

कॅमेरा या देशात आला तो साहेबाच्या आणि वरच्या वर्गाच्या हाती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. नारायण दाजींसारखे एतद्देशीय डॉक्टर तिच्यात होते; गावकुसाबाहेरचा माणूस तिच्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली काढले. त्यातली माणसे एका जागी उभी करून टिपलेली आणि पाठीमागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले. त्यात माणसाची ओळख प्रामुख्याने जात म्हणून. कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे, पण त्या फोटोवर हक्क सांगायचा नाही, अशी ही सुरुवात.

क्लिक-३ बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. प्लॅस्टिकचे अंग, साधे भिंग, शटरचा वेग एकच, सेकंदाचा सुमारे तिसावा भाग. वर सूर्य आणि ढग अशी दोन चिन्हे. उजेड पाहून खटका सरकवायचा. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी बारा फोटो निघत. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही चालवता येईल असे हे यंत्र होते. चाकरमान्याला बोनस मिळाला की घेता येई, आणि एकाने घेतला की तो चाळभर फिरे. लग्न, बारसे, जयंती, नोकरीला लागलेल्या मुलाचा पहिला शर्ट, सगळे त्याच्यावरच. दहिसरच्या ज्या घरांतले फोटो मी पाहिले, त्यांतले बहुतेक मागून आणलेल्या कॅमेऱ्याचे आहेत.

दुरुस्ती अवघड नाही. मुंबईच्या दमट हवेत भिंगावर बुरशीची जाळी धरते. ती मऊ फडक्याने आणि थोड्या स्पिरिटने हळूहळू निघते. शटरचे पाते गंजून अडकलेले असते. पेट्रोलचा थेंब ब्रशने लावून ते मोकळे करायचे, तेल मात्र घालायचे नाही, कारण तेलावर पुन्हा धूळ बसते. मागच्या बाजूला फोटोचा नंबर पाहण्याची तांबडी खिडकी असते. ती फिकी झाली असेल तर काळी चिकटपट्टी लावावी लागते. आजच्या फिल्मला तांबडा उजेडही लागतो. रोल आजही मिळतो, पण त्याची किंमत रोजंदारीवरच्या माणसाला परवडण्यासारखी नाही. स्वस्त कॅमेरा आज हौशी माणसाचे महाग खेळणे झाला आहे, हेही नोंदवून ठेवावे.

वापरताना एक गोष्ट पक्की कळली. या कॅमेऱ्याला भर उन्हातलेच दिसते. खोलीत, सावलीत, दिवेलागणीला त्याला काही उमटत नाही. फ्लॅश लावायचा तर फोटोमागे एक बल्ब जळणार. तो खर्च कोण करणार? म्हणून आपल्या घरचे सगळे जुने फोटो दाराबाहेरचे आहेत. खुर्ची अंगणात आणलेली, पाठीमागे चादर टांगलेली, डोळे उन्हाने मिटत आलेले. आणि आपली चळवळ चालत होती रात्री. पाळी संपवून आलेल्या कामगारांच्या बैठका, रात्रशाळा, भीमराव कर्डकांच्या परंपरेतले जलसे, बुद्धवंदनेनंतर दहा बाय दहाच्या खोलीत कंदिलाखाली झालेली भांडणे आणि ठराव, यांतले काहीही त्या बारा फोटोंत येणे शक्य नव्हते. फोटो नाही म्हणून घटना घडली नाही असे उद्याचा संशोधक म्हणेल, तर त्याला या भिंगाची आणि आमच्या कामाच्या वेळांची गोष्ट सांगावी लागेल.

आणखी एक. मी पाहिलेल्या फोटोंत आई, आजी, मावश्या मधोमध बसलेल्या आहेत. पण कॅमेरा त्यांच्यापैकी कोणाच्या हाती दिला गेल्याचे कोणी सांगत नाही. दोष कॅमेऱ्याचा नाही, आपला आहे.

जे दिवसा घडले त्याचीही किंमत कोणीतरी मोजली. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चलच्चित्रण नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून केले. आज ती दृश्ये आपल्याला दिसतात ती एका लेखकाने स्वतःचा खिसा रिकामा केला म्हणून.

दहिसर १९५७ साली बृहन्मुंबईत आले. त्यानंतरच्या दशकांत इथल्या नदीकाठी हिंदी चित्रपटांची बाह्यचित्रीकरणे होत. मोठे कॅमेरे येत, नदी टिपत आणि परत जात. तुळशी तलावाकडून येणाऱ्या या नदीच्या काठी जी कष्टकरी वस्ती वाढली, तिची नोंद ठेवणे हे त्यांचे कामच नव्हते. ती नोंद, जेवढी आहे तेवढी, बारा-बारा फोटोंच्या रोलांत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दहिसर नदीही काठ सोडून घरांत शिरली. रेशनकार्डासाठी लोक धावले, ते बरोबरच होते. पण भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले आणि निगेटिव्ह गाळात गेले, त्याचा पंचनामा कोणत्याही तलाठ्याने केला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना विनंती आहे. घरोघर जाऊन फोटो मागून नेऊ नका; मालकाच्या घरीच त्यांची प्रत काढा. फोटोतल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव, काम आणि साल म्हाताऱ्या माणसांना विचारून मऊ शिसपेन्सिलीने मागे लिहा. बॉलपेनची शाई पुढून उमटते. फोटो काढणाऱ्याचे आणि ज्याचा कॅमेरा मागून आणला त्याचेही नाव लिहा. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतात. ते साध्या कागदाच्या पाकिटात, जमिनीपासून उंच ठेवा. हे काम पावसाळ्याआधी सुरू करावे.