जोखीम आणि तिचा वाहक

नाशिकच्या अशोकस्तंभापासून पश्चिमेस जाणारा गंगापूर रोड ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, त्या गंगापुरी नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात वास्तव्यास होत्या. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. ग्रँट डफच्या वृत्तान्तावर विश्वास ठेवावयाचा तर ही वार्ता पेशव्यांना सरकारी जासुदाकडून नव्हे, तर सावकारांच्या एका कासिदाकडून कळली. कासीद औरंगाबादेस चालला होता. वाटेत तो पेशव्यांच्या छावणीत सापडला व त्याच्याजवळील पत्र फोडण्यात आले. त्या पत्रातील मोती-मोहरांच्या सांकेतिक भाषेची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखकास मात्र त्याच वृत्तान्तातील एक दुर्लक्षित तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो: हा कासीद नऊ दिवसांत औरंगाबाद गाठण्याच्या करारावर निघाला होता.

पानिपत ते औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हे सरळ रेषेतील अंतरच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. म्हणजे रोजची मजल शंभर किलोमीटरांच्या वरची होय. वेग विलक्षण आहेच. पण त्याहून विलक्षण आहे ती मुदत. बांधून दिलेल्या मुदतीबद्दल मोल घेणे, हेच आजच्या मोठ्या पार्सल कंपन्यांच्या व्यवहाराचे मर्म आहे. राज्याची यंत्रणा मागे पडली आणि सावकाराची पुढे गेली, यात नवल मानण्याचे कारण नाही. विलंबाचा तोटा सावकारास रुपयांत मोजता येत होता.

या व्यवसायाची शब्दसंपत्ती पाहिली असता एक क्रम दिसून येतो. जासूद (अरबी 'जासूस'), कासीद (हाही अरबी) आणि हरकारा (फारसी) ही तिन्ही माणसांची नावे आहेत. 'डाक' व 'टपाल' ही व्यवस्थेची नावे होत. टप्प्याटप्प्याने माणसे वा घोडी बदलून केलेली वाहतूक हा 'डाक' शब्दाचा जुना अर्थ 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात (१८८६) नोंदलेला आहे. 'पार्सल' हे वस्तूचे नाव. 'कुरिअर' या शब्दाचे जे झाले ते तर मोठे मौजेचे आहे. इंग्रजीत तो मुळात धावणाऱ्या माणसाचा वाचक. मराठीत मात्र आपण 'कुरिअर आले', 'कुरिअर केले' असे म्हणतो. शब्द आला, माणूस गळाला आणि पुडके उरले.

'जोखीम' हा शब्द याच्या उलट टोकाचा. मराठीत जोखीम म्हणजे धोका आणि जोखीम म्हणजे मौल्यवान चीजवस्तूही. 'अंगावर जोखीम आहे' असे प्रवासी म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. 'जोखमी हुंडी'चे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच देय होत. माल, विमा आणि उधारी यांचा असा संयोग पाश्चात्त्य कायद्याचे साहाय्य न घेता येथील पेढ्यांनी साधला होता.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. १८६५ च्या वाहकविषयक कायद्याने मालाच्या हानीची जबाबदारी सामान्यतः वाहकावर टाकली. परंतु सोने, रेशीम यांसारख्या परिशिष्टात नमूद केलेल्या वस्तूंचे मूल्य शंभर रुपयांहून अधिक असल्यास ते आधी जाहीर करणे आवश्यक ठरविले. टपालखात्याने मात्र १८९८ च्या कायद्याने स्वतःस बहुतांशी मुक्त करून घेतले. पत्रे वाहण्याचा अनन्य अधिकारही त्याच कायद्याने सरकारकडे राहिला, आणि म्हणूनच पुढे खाजगी कंपन्या पत्रास 'पत्र' न म्हणता 'दस्तऐवज' म्हणत राहिल्या! २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात तो अनन्य अधिकार उरलेला नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली व्ही. पी. ही आजच्या 'दारात पैसे' पद्धतीची आजीच होय.

आधुनिक कंपनीची रचना निराळ्या तत्त्वावर उभी आहे. डाकेत पुडके एका टप्प्यावरून लगतच्या टप्प्यावर जाई. अमेरिकेतील फेडरल एक्स्प्रेसने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री १४ विमानांनी १८६ पुडकी २५ शहरांना पोहोचविली, तेव्हा सर्व माल मेम्फिस या एका केंद्रावर आणून तेथून फोडण्याची पद्धत रूढ होऊ लागली. लगतच्या गावास जाणारे पुडकेही आधी दूरच्या केंद्रास जाऊन परत येऊ शकते. वरकरणी हा वेडेपणा. पण शेकडो गावे परस्परांशी जोडण्यापेक्षा प्रत्येक गाव एकाच केंद्राशी जोडणे स्वस्त पडते. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेल्या ब्लू डार्टने १९९६ मध्ये स्वतःची मालवाहू विमाने सुरू केली, ती याच दिशेने.

या रचनेत पुडक्यास क्रमांक असतो व त्याची प्रत्येक हालचाल नोंदली जाते. शेवटचा टप्पा मात्र पुष्कळदा कंत्राटी माणसाकडे असतो. त्याचे वाहन, त्यातील इंधन आणि परत आलेल्या पुडक्याची खेप यांचा भार बहुधा त्याच्यावरच पडतो. सामाजिक सुरक्षा संहितेने (२०२०) 'गिग कामगार' अशी व्याख्या करून त्याची दखल घेतली. मराठीत त्यास अजून धड नाव नाही. गंगापूर रोडवरील इमारतींत त्याला 'कुरिअरवाला' म्हणतात. 'कुरिअर' शब्दातून जो माणूस गळाला होता, तो '-वाला' प्रत्यय लावून लोकांनी परत आणला आहे.

१७६१ च्या त्या कासिदाचे नाव ग्रँट डफ देत नाही. परंतु नऊ दिवसांचा करार त्याच्याशी झालेला होता. आज मुदतीचा करार कंपनी आणि ग्राहक यांच्यात होतो. जिना चढून येणारा त्यात पक्ष नसतो.